ठासणीच्या बंदुकीचा एक्स्पर्ट

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. तबूक. सकाळ.

आजपासून रोजनिशी. वय एकोणपन्नास. सौदीत बावीस वर्षं. कंपनीचं परचेस खातं एकट्याच्या खांद्यावर आणि स्वतःसाठी एकही छंद नाही. हे बदलायचं.

छंद ठरला: ठासणीची बंदूक. पुढून नळीत दारू, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग गजाने ठासायचं आणि बार. शिकार वगैरे नाही, फक्त कागदावरची नेमबाजी.

काल लंचला नबील म्हणाला की शहराबाहेर त्याच्या शेताजवळ त्यांचा नेमबाजीचा क्लब आहे, तिथे एखादी जुन्या पद्धतीची बंदूक आणायचा विचार चाललाय. नबील माझा बॉस, पण स्वभावाने मित्र. माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या घराण्यात तीन पिढ्या ठासणीची बंदूक आहे आणि मी स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून चालवतोय. नबीलने चमचा खाली ठेवला.

हे अगदी शब्दशः खरं नाही. आजोबा हाक्याला जायचे. म्हणजे रानडुकरं उठवायला पत्र्याचा डबा वाजवायचे. पण शिकारीत आवाजाचं खातं फार महत्त्वाचं असतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

घरी सांगितलं. नूरुन्निसा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, आधी किचनच्या नळाचा वॉशर बदला. उमामाने इयरफोन काढून सांगितलं, अब्बा, यू आर स्केअर्ड ऑफ द प्रेशर कुकर.

उमामा बारावीला आहे. परीक्षा झाली की एप्रिलमध्ये पुण्याला कॉलेजसाठी जाणार. जाण्यापूर्वी तिने बापाला एकदा तरी काहीतरी झोकात करताना बघावं. हा छंदामागचा हेतू नव्हे. सहज लिहून ठेवतोय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

सखोल अभ्यास. ऑफिसच्या पद्धतीने कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. चौदा कॉलम. आपण सिमेंट घ्यायचं तरी तीन कोटेशनं मागवतो, ही तर बंदूक.

मुख्य प्रकार दोन. एकीत घोड्याच्या ठोक्याने तांब्याची छोटी टोपी फुटते आणि दारू पेटते. दुसरी चकमकीची: गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर दारूत पडते, तिथून आग नळीत शिरते. इंटरनेटवरचे सगळे जाणकार सांगतात की पहिलीच बंदूक असेल तर टोपीची घ्या, आखूड नळीची घ्या, हलकी घ्या.

नबीलच्या माहितीप्रमाणे मी नवशिक्या नाही. त्यामुळे हा सल्ला मला लागू होत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळ.

गुहागरला हाशिरभाईंना फोन केला. नूरुन्निसाचा मोठा भाऊ. त्यांच्याकडे माकडं हाकलायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे. रेंज नव्हती म्हणून बाल्कनीत उभा राहून ओरडून बोलावं लागलं. विचारलं, दारू कुठली चांगली? काळीच ना? एका वेळी किती घालायची? जास्त झाली तर काय होतं?

ते म्हणाले, कादिरभाई, टोपीची घ्या आणि कुणीतरी शिकवणारा जवळ ठेवा. रेंज खरंच खराब होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा हरीश भेटला. नाशिकचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, सज्जन माणूस. कानाशी येऊन म्हणाला, कादिरभाई, परवा ऐकलं. काळी मिळते का? आम्हालाही थोडी बघा ना.

मी सांगितलं की ती बंदुकीची दारू. त्याने डोळा मारला. म्हणाला, हो हो, बंदुकीचीच.

नूरुन्निसाने बाल्कनीत फोन करायला बंदी घातली आहे. दारूबंदीच्या या देशात अशा अफवेने इकामा, राहायचा परवानाच, जायचा, म्हणते. वॉशर उद्या नक्की.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

बंदूक स्वतःच्या नावावर घेण्याविषयी नबीलशी बोललो. तो इतका हसला की त्याच्या डोक्यावरचा शेमाग सरकला. इकाम्यावर बंदूक? खलास, हबीबी. इथे परदेशी माणसाला असलं काही मिळत नाही. बंदूक क्लबच्या परवान्यावर येईल, क्लबच्या कपाटात राहील. पण निवड, म्हणाला, तू कर. तुला त्यातलं कळतं.

ही चौकशी पहिल्या दिवशी करता आली असती, हे मान्य. पण नीट पाहिलं तर फायदाच झाला. मालकीची कटकट नाही, नुसता मान.

रविवार, २३ नोव्हेंबर.

निर्णय झाला. चकमकीची. पन्नास कॅलिबर, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं. नळी बेचाळीस इंची, दस्ता अक्रोडाचा. फोटो बघून छाती भरून आली.

नबीलने विचारलं, सुरुवातीला अवघड नाही का जाणार? मी म्हणालो, टोपीची लहान मुलांना ठीक आहे. तो म्हणाला, बरं, मग तूच आम्हाला शिकव. आमच्या सभासदांपैकी कुणीही ठासणीची चालवलेली नाही.

हे अनपेक्षित होतं. मी यल्ला, म्हणजे चला, म्हणालो.

मंगळवार, १६ डिसेंबर.

बंदूक आली. क्लबवर जाऊन पाहिली. देखणी आहे. दस्ता जमिनीवर टेकवून उभी केली तर नळीचं तोंड माझ्या भुवयांना लागतं. माझी उंची पाच फूट तीन इंच. दारू ओतायची तर हात डोक्याच्या वर न्यावे लागतात आणि नळीत काय पडतंय ते दिसत नाही.

चौदा कॉलममध्ये माझी उंची घ्यायची राहिली होती.

नबील टोमॅटोचा रिकामा क्रेट घेऊन आला आणि उपडा ठेवला. मी सांगितलं, आमच्याकडे कोकणात असंच उंचावर उभं राहून भरतात. कोकणची माफी मागतो.

शुक्रवार, २६ डिसेंबर.

उद्घाटन ९ जानेवारीला. रोज अर्धा तास सराव करायचा असं ठरवून दहा दिवस झाले. दोनदा केला. बाकीचे दिवस: ऑडिट, थंडी, गुडघा.

सराव हॉलमध्ये, पोछ्याच्या दांड्याने. तोंडाने म्हणायचं: दारू, चिंधी, गोळी, गज. नूरुन्निसाने विचारलं, ही बंदूक सुटून लादी कधी पुसायला मिळेल?

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६. दुपार.

अकरा सभासद आले होते. गहवा ही अरबी कॉफी, खजूर, गालिचे. हवा थंड आणि लख्ख. नूरुन्निसा आणि उमामा गाडीजवळ उभ्या. उमामाने स्वतःहून मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. हे मी सांगितलं नव्हतं.

क्रेटवर चढलो. नबील म्हणाला, दोन शब्द बोल. मी पंधरा मिनिटं बोललो. आजोबा, कोकणचं रान, श्वास कसा रोखायचा. बोलता बोलता चिंधी लावली, गोळी ठेवली, गजाने ठासली. एका लयीत. खाली उतरलो, वाटीत चिमूटभर दारू घातली, नेम धरला, चाप ओढला.

फुस्स.

वाटीत उजेड, नाकासमोर धूर, पुढे काही नाही. पुन्हा वाटी भरली. फुस्स. तिसऱ्यांदा, फुस्स.

क्लबचे उस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ. ते शांतपणे आले. मला नळी निशाणाकडेच धरायला लावून मिनिटभर थांबवलं. मग बंदूक हातात घेऊन गज आत घातला, बोटाने खूण धरून तो बाहेर नळीवर मोजला. हळूच विचारलं, नळीत दारू घातलीस?

मोजलेली दारू पितळी मापासकट माझ्या जॅकेटच्या खिशात होती.

गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायला चाळीस मिनिटं लागली. अकरा माणसांनी गहवा प्यायला. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

उमामाने दुसऱ्या फुस्सलाच मोबाइल खाली घेतला होता.

शनिवार, १० जानेवारी.

काल परतताना विमानतळाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हणालो, मी आयुष्यात कधी बंदूक चालवलेली नाही.

उमामा मागून म्हणाली, ठाऊक आहे, अब्बा. तुम्ही शिकारीच्या गोष्टी सांगायचात, पण चौथीत होते तेव्हाच अम्मीने खरं सांगितलं. मराठीत म्हणाली. एरवी ती मला इंग्रजीतच उत्तर देते.

नूरुन्निसा खिडकीबाहेर बघत होती. मी तिला विचारलं, डब्याचंही सांगितलंस? ती म्हणाली, तेच तर आधी सांगितलं. पोर ते ऐकून किती हसली होती, दर आठवड्याला पुन्हा सांगायला लावायची.

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न मारला.

रविवार, ११ जानेवारी. ऑफिस.

नबीलच्या केबिनमध्ये जाऊन माफी मागितली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यामुळे अरबी शब्दच आठवेना. तो म्हणाला, बस. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. बाराव्या वर्षापासून बंदूक चालवणारा माणूस तीन कोटेशनं मागवत नाही.

मग मलाच का निवडायला सांगितलं? म्हणाला, बाकी कुणी एवढं वाचलं नसतं. बंदूक चांगली आहे. उस्तादांना आवडली. शुक्रवारी ये, ते शिकवतील.

दार लावता लावता ऐकलं की क्लब दुसरी बंदूक घेतोय. टोपीची, आखूड नळीची. ती उस्तादांनी निवडली.

शुक्रवार, १६ जानेवारी.

उमामाची प्रिलिम रविवारपासून होती. नूरुन्निसा म्हणाली, तुम्ही जाऊन या. क्लबवर उस्ताद आणि मी, दोघंच. भाषण नाही. आधी दारू, मोजून. मग चिंधी, गोळी, गज. चाप.

बार झाला. खांद्याला धक्का, सगळीकडे पांढरा धूर, गंधकाचा वास. धूर विरला तेव्हा कागद जसाच्या तसा होता. उस्तादांनी डावीकडच्या मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. चार हात बाहेर.

मग गरम पाणी आणि साबणाने तासभर नळी धुतली.

घरी आलो. नूरुन्निसाने विचारलं, झाला का बार? मी म्हणालो, झाला. उमामाने पुस्तकातून मान वर करून विचारलं, लागला?

म्हणालो, नाही.

मग पाना घेऊन किचनच्या नळाचा वॉशर बदलायला गेलो.