सतरा नंबर गोठ्यातच आहे

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून आपला गोठा डिजिटल. सव्वीस गाई, सव्वीस कान, सव्वीस इलेक्ट्रॉनिक टॅग. कोण कुठे आहे, किती चालली, किती वेळ बसली, सगळं मोबाइलवर. चहा घेता घेता अख्खा गोठा तपासला. गादीवरून उठलोही नाही. याला म्हणतात मॅनेजमेंट.

४ फेब्रुवारी
तात्यांना कामावरून कमी केलं. वडिलांच्या वेळेपासून तेच गुरं बघतात. नीट समजावलं, की आता अंदाजपंचे चालणार नाही, डेटा लागतो. शिवाय तुमच्या डोळ्यांना हल्ली कमी दिसतं, हेही स्पष्ट सांगितलं. तात्या उठले, गोठ्यात शिरले. एकेका गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले. वाद घातला नाही, म्हणजे पटलं असावं.
ही दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. हिलाही पटलं असावं.

६ फेब्रुवारी
नावं बंद. मखमल, साखरी, ठमी! गोठा आहे की बालवाडी? यापुढे फक्त नंबर. ही मुद्दाम नावानेच हाका मारते. गाईही मुद्दाम तिलाच ओ देतात.

८ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पाचला गोठ्यात चक्कर.

९ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
जाग आली नाही. पण ॲपमध्ये सगळं दिसतं, मग चक्कर कशाला? संकल्पच जुनाट होता.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट बघितला. सतरा नंबर (पूर्वीची मखमल) गाभण आहे, चार-दोन दिवसांत विणार. कालपासून तिची विश्रांती शंभर टक्के! एक पाऊल म्हणून टाकलेलं नाही. बाकीच्या उगाच हिंडत असतात. आदर्श गाय. रिपोर्टचा फोटो टॅगवाल्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

१४ फेब्रुवारी
ही म्हणते, मखमल गोठ्यात नाही. मी मोबाइल दाखवला: सतरा नंबर, गोठ्यात, कोपऱ्यातली गव्हाण. म्हणाली, अहो, जाऊन बघा तरी. म्हटलं, डोळ्यांनीच बघायचं तर यंत्र कशाला घेतलं? तिने गाई मोजल्या तर पंचवीस भरल्या. माणूस मोजताना चुकतोच.
दुपारी पुन्हा मोजल्या. पुन्हा पंचवीस. चुकण्यातही हिचं सातत्य आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
हिच्या समाधानासाठी कोपऱ्यातल्या गव्हाणीत डोकावलो. गाय नाही. चाऱ्याखाली टॅग. दिवा हिरवा. विश्रांती घेत होता.
टॅगवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, टॅग तर मस्त चालू आहे, गाय निसटली असेल. विश्वासघात!
मागचं फाटक सताड उघडं. तात्या म्हणे रोज संध्याकाळी त्याला तार गुंडाळायचे. मला कोणी सांगितलंच नाही. हाही विश्वासघातच.

दुपार
ओढ्यापर्यंत शोधून आलो. 'सतरा! सतरा!' अशा हाका मारल्या. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. त्या गेल्यावर 'मखमल' म्हणून बघितलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. एकटीच कुठेतरी विणायला बसली असेल. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
सापडली. तात्यांकडे आहे. हिने काल मला न विचारता त्यांना फोन केला होता. ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात अडकली होती आणि वासरूही अडलं होतं. तात्यांनी दोघांना सोडवलं.
बोलता बोलता आणखी कळलं. रोज सकाळी मी चार्ट बघत बसायचो तेव्हा ही तात्यांना फोन लावून विचारायची, कुणाला काय घालू, कुणाला कसं बांधू. बारा दिवस. माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे! गोठा मी चालवतोय असं या घरात फक्त मलाच वाटत होतं.

संध्याकाळ
तात्यांकडे गेलो. अंगणात चार तांबड्या गाई. वासरू ओसरीत पोत्यावर झोपलेलं. तात्या म्हणाले, घेऊन जा तुमची. मी ऐटीत पुढे होऊन दावं सोडलं. 'ती माझी,' तात्या म्हणाले. दुसरीकडे वळलो. 'तीही माझीच.' टॅगचं भोक कुठल्या कानाला आहे ते बघावं असं सुचेपर्यंत तात्यांनी हळूच 'मखमल' म्हटलं. कडेच्या गाईने मान वळवली. त्यांच्याकडे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरची गाय!
म्हटलं, तात्या, मी तुमच्या डोळ्यांबद्दल जे बोललो ते... तात्या म्हणाले, 'खरंच कमी दिसतं आता. तिला मी हंबरण्यावरून शोधली.'
उद्यापासून कामावर येतायत. तुमच्यासाठी नाही, गुरांसाठी, असं तोंडावर सांगितलं. मलाही पाचला गोठ्यात हजर राहायला बजावलंय. ओळख करून देणार आहेत. एकेकीची, नावानिशी.