मोरीच्या वंशातलं शेवटचं अंडं

तीर्थरूप मामांना,
हिराचा पाया पडून नमस्कार.

अंडं फुटलं! आधी हे सांगते, बाकीचं मागून.

तुम्ही जाऊन वर्ष उलटलं. वर्षश्राद्धाला भावकी जेवली, तुमच्याविषयी चांगलं बोलली. मेंढरांतला जाणता माणूस गेला म्हणाली. पण तुमच्या त्या कॉम्प्युटरमधल्या ड्रॅगनांचं एकानं नाव काढलं नाही. काढणार कसं? निरगुडसरात आपल्या घराबाहेर ते माहीत होतं कुणाला? मला ते लागलं. म्हणून लिहायला बसले. सोनाली म्हणाली, "आई, तू सांग, मी लिहिते." म्हटलं, चौथी शिकलेय, सासऱ्याला पत्र लिहायला तेवढं बास झालं.

मामा, मेंढरं विकायला तुम्हाला मी लावलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि घाटघरवरून नाणेघाट उतरून कोकणात जायचं, हे तुमच्या बापापासून चालत आलेलं. पण सोनाली शाळेत जायची झाली आणि मी हटून बसले. म्हटलं, माझी पोरगी मेंढरांमागं फिरणार नाही. तुमची लाडकी मोरी मेंढी व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढेना. तुम्ही तिला उचलून आत ठेवली आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोललात. "पाणी दे." "जेवलो." एवढंच!

मी चुकले नाही, हे आजही म्हणते. पण सकाळी उठून तुम्ही मोकळ्या अंगणात काठी घेऊन उभे राहायचात, ते माझ्याच्यानं बघवायचं नाही. हे तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

मग सोनाली नववीत असताना माझ्या भावानं पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणून दिला. तो फुगीर डबा! त्याला फोनची तार जोडली की फोन बंद. माझ्या माहेरचा निरोप यायचा असला तरी पोरगी आपली डब्यापुढं. तुम्ही एकदा खाटेवरून उठून तिच्या मागं जाऊन उभे राहिलात.

"हे काय गं, घोरपड?"

"ड्रॅगन आहे आबा. हे पाळायचे. जोड लावला की अंडं येतं. पण माझ्या जोडाला येतच नाही."

"कुणाला कुणाचा जोड लावलास?"

"हे दोघं. एकाच आईचे आहेत, रंग किती छान बघा ना."

"अगं भवाने! बहीण-भाऊ लावलेस व्हय? असं असतं का कुठं? नर भायेरनं आण!"

बाहेरचा आणला आणि अंडं आलं. त्या पहिल्या पिल्लाचं नाव तुम्ही मोरी ठेवलंत. मी चुलीपुढं होते. नाव कानावर आलं आणि तव्यावरची भाकरी तशीच राहिली, करपली. तुम्हाला कळलं होतं ना मी ऐकलं ते?

त्या खेळात एक पान होतं. नवी माणसं तिथं प्रश्न विचारायची. कुठली कुठली माणसं, समुद्रापलीकडची! सोनाली वाचून मराठीत सांगायची, तुम्ही तोंडानं उत्तर द्यायचात. ती आधी वहीत लिहून घ्यायची, मग इंग्रजी करून टाकायची.

"आबा, हा विचारतोय, पिल्लू नर आहे का मादी, आत्ताच कसं ओळखायचं?"

"थांब म्हणावं. शिंगं फुटू दे. एवढी घाई असंल तर खेळणं इकत आण म्हणावं."

"आबा, असं लिहू?"

"लिही की. मी काय त्याच्या घरचं खातो?"

एका बाईनं विचारलं होतं, माझा एक नर फार देखणा आहे, सगळ्या माद्यांना तोच लावू का? तुम्ही म्हणालात, "लाव. मंग पुढं सगळा कळप एकाच तोंडवळ्याचा व्हईल आणि त्याच्यात जोड लावायला कुणी उरायचं न्हाई. दोन पिढ्या झाल्या की नर बदल म्हणावं. आपला दुसऱ्याला द्यायचा, त्याचा आपण आणायचा." आणि ती बाई महिन्यानं परत आली, आभार मानायला. सोनाली नाचत सांगत होती. तुम्ही नुसतं मिशीवरून हात फिरवलात.

आणि मी काय करत होते? ओरडत होते. "म्हातारा आणि पोरगी मिळून पाली पाळत्यात! कुणी ऐकलं तर शेण घालतील तोंडात!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "हिरे, तुझ्या कोंबडीचे पाय नीट बघ एकदा. ती बी पालीच्याच जातीची हाय." मी बघितले. आणि मामा, खोटं कशाला बोलू, तेव्हापासून अंडी काढायला जाताना मला त्या पायांची शिसारी येते. हे तुमच्यामुळं!

तुमच्या उत्तराची माणसं वाट बघायची. दोन दिवस फोनची तार बंद पडली तर त्या पानावर विचारणा सुरू, आजोबा कुठं गेले, बरे आहेत ना? ज्या माणसानं शाळेची पायरी बघितली नाही, त्याला परदेशातली माणसं विचारत होती! माझी मान तेव्हाच ताठ व्हायला पाहिजे होती. पण मी घासत बसले भांडी, आदळत.

एक राग मात्र अजून आहे. छातीत दुखत होतं तर मला का नाही सांगितलं? मी ओरडले असते म्हणून? ओरडले असते, पण गाडी पण आणली असती. तुम्ही सांगितलं काय, तर सोनालीला, "मोरीच्या नातीला तो काळा नर लाव, सोडू नको." जाताना माणूस हे बोलतो का, मामा?

तिनं नाही सोडलं. आठवड्यातून एकदाच जोड लावता येतो. प्रत्येक आठवड्याला लावायची आणि काही यायचं नाही. मोरीच्या वंशात आता ती एकच मादी अंडं देणारी राहिली होती आणि खेळाच्या नियमानं तिला आता एकदाच अंडं देता येणार होतं. गेल्या आठवड्यात, तुमच्या वर्षश्राद्धानंतर, ते अंडं आलं. काळपट, हिरवी झाक असलेलं. आणि नेमकी सोनालीची परीक्षा, तिला पुण्याला हॉस्टेलवर परतायचं होतं.

जाताना ती मला समजावत होती, हे कर, ते करू नको. मी तिच्या जेवणाचा डबा भरत होते. म्हटलं, "कळलं गं, जा, एसटी चुकंल!" काही कळलं नव्हतं. नुसतं एवढं डोक्यात राहिलं की सात दिवसांत फुटलं नाही तर मेलं.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर लावून बघते तर अंड्याखाली आकडा. किती जणांनी बघितलं त्याचा. आणि तो वाढतोय! परकी माणसं, देश ना गाव, आपल्या अंड्याला टक लावून बघतायत! तुम्हीच शिकवलं होतं ना, व्यायला झालेल्या मेंढीला आडोशाला घ्यायचं, घोंगडी टाकायची, पाव्हण्याला कोकरू दाखवायचं नाही? सोनालीनं डोळ्याचं एक चित्र दाखवलं होतं, ते दाबलं की अंडं लोकांना दिसत नाही. मी दाबलं. वर काचेवर अंड्याशेजारी काजळाची तीट लावली. आणि समाधानानं खुरपायला गेले!

पाच दिवस रोज बघितलं. अंडं तसंच, चीर नाही, हालचाल नाही. पाचव्या दिवशी सोनालीला विचारावं म्हटलं. हॉस्टेलचा फोन लागेना. मग तुमच्या उत्तरांची वही काढली. बोट ठेवून ठेवून वाचत गेले. सोनालीचं अक्षर, बोलणं तुमचं. मधेच एका पानावर सापडलं. कुणीतरी विचारलेलं, माझं अंडं फुटत का नाही? खाली तुम्ही:

"अंडं लपवलं असशील. लपवू नको. हितं उलटं हाय. जितकी परकी माणसं बघत्यात तितकी त्याला ऊब लागती. येगयेगळ्या कॉम्प्युटरवरनं बघाया पायजे. मला बी पटलं न्हाई. माझं येक अंडं मी असंच दडवून मारलं."

अहो मामा! तुम्ही पण? मग मला कधी का नाही सांगितलंत? मी पालींचं ऐकून घेतलं नसतं, हे खरं.

डोळ्याचं चित्र परत दाबलं. पण दीड दिवसच राहिला होता. मग अंड्याचा तो वर दिसणारा इंग्रजी पत्ता, चित्र काढावं तसा एकेक अक्षर कागदावर उतरवला आणि मंचरला कॉम्प्युटरचा क्लास आहे तिथं गेले. चिखलाच्या पायानं तशीच आत.

सर म्हणाले, "काकू, क्लास चालू आहे."

"चालू ऱ्हाऊ द्या. ह्यो पत्ता सगळ्यांनी घाला आणि एकदा बघा, मंग मी निघते."

"काय आहे हे?"

"अंडं हाय. माझ्या सासऱ्याचं."

पोरं फिदीफिदी हसली. एक पोरगी म्हणाली, "सासऱ्याचं अंडं?" मी म्हटलं, "हस बाई, पण हसता हसता दाब! उद्यापर्यंत फुटलं न्हाई तर माझ्या घरातलं माणूस दुसऱ्यांदा मरंल."

मग सरांनी स्वतः फळ्यावर पत्ता लिहिला. सगळ्यांनी उघडलं. एकानं भावाला फोन केला, तू पण बघ म्हणून. मी मधे उभी, आणि सगळ्या काचांवर तेच एक अंडं. मामा, आयुष्यात मला इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर वर बारीक चीर. धारा काढून आले तर टरफल बाजूला आणि एवढंसं काळं पिल्लू, पंख अंगाला चिकटलेले. मी रडले. सांगते तुम्हाला, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मग खेळानं विचारलं, नाव काय? चौकट रिकामी, आत रेघ लुकलुकत होती. सोनालीचा फोन शेवटी लागला. ती म्हणाली, "आई, तूच ठेव."

मामा, लग्न होऊन आल्यापासून तुमचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. रेशनकार्डवाला आला, मतदार यादीवाला आला, दर वेळी शेजारच्या शांताकडं बघायची, मग ती सांगायची. आपल्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मीही घेतलं नाही. पण त्या चौकटीत दुसरं काही बसेना. सोनालीनं फोनवर इंग्रजी अक्षरं सांगितली. के कुठं, ओ कुठं, शोधत शोधत एका बोटानं दाबलं. कोंडीबा. रागावू नका. मोरीचं परतवंड आहे, शिंगं फुटून मादी निघाली तरी तुमच्या नावाला कमीपणा आणणार नाही.

आता वचन देते. नव्या माणसांचे प्रश्न अजून येतात. सोनाली वाचेल, मी उत्तर देईन. ओरडणार नाही असं म्हणत नाही, तुम्हाला माहितेय मी कशी ते. पण उत्तर दिल्याशिवाय कुणाला माघारी लावणार नाही. दोन पिढ्या झाल्या की नर बदलेन. आणि हा वंश कुणी लावला असं कुणी विचारलं, त्या पानावर नाहीतर आपल्या गावच्या पारावर, तर शांताकडं बघणार नाही. माझ्या तोंडानं सांगेन, पार खालच्या आळीला ऐकू जाईल असं.

तुमची सून,
हिरा, कोंडीबाच्या घरातली