मागची बाजू

आई, आज सकाळी मी तुझा रुमाल भिंतीवरून उतरवला. आठ वर्षं तो न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या या घरात, लाउंजमध्ये काचेमागे होता. पुढच्या महिन्यात आम्ही पोरिरुआला राहायला जातोय, म्हणून सामान बांधायला काढलंय.

बाबा हिमाचलात चंब्याजवळच्या धरणावर नोकरीला होते, तेव्हाचं मला आठवतं ते शेजारच्या चाचीचं स्वयंपाकघर. चुलीवर राजमा शिजतोय आणि खिडकीपाशी तुम्ही दोघी एकाच कापडावर वाकलेल्या. चाची तुझं भरतकाम उलटून बघते, बारीकशी गाठ दिसली तरी उसवायला लावते. "इसमें उलटा कुछ नहीं होता," एवढंच म्हणते. चंब्याचा रुमाल दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे, अगदी गोपीच्या डोळ्यापर्यंत. पुण्याला परतल्यावरही तू तो टाका सोडला नाहीस.

२०११ च्या जुलैत तू इकडे आलीस ती नातीसाठी भरलेला रुमाल घेऊन. मोतीबिंदू धरलेल्या डोळ्यांनी तू दोन वर्षं त्यावर कृष्ण-गोपींची रासक्रीडा भरत होतीस. "देवाच्या ताटावर झाकायचा असतो हा," तू सांगितलंस. मी हो हो म्हटलं, आणि तुला सरप्राइज म्हणून गुपचूप फ्रेम करायला दिला. भिंतीवर बघून तू जवळ गेलीस, काचेवर बोट टेकवलंस.

"छान दिसतोय गं. पण मागची बाजू?"

"मागून कोण बघणारे, आई?" मी हसत म्हटलं. तू हसली नाहीस.

त्यानंतरच्या आठवड्यात मिंजरचा रविवार आला. चंब्यात लोक मक्याच्या तुऱ्यासारखे रेशमी गोंडे आठवडाभर अंगावर मिरवतात आणि त्या रविवारी रावीत सोडतात, पीक चांगलं यावं म्हणून. तू पिवळ्या रेशमाचे दोन गोंडे केले होतेस. एक नातीच्या जॅकेटला लावलास. ताटात नारळ, फळं, दुसरा गोंडा ठेवलास. मग लाउंजमध्ये जाऊन भिंतीपुढे जरा वेळ उभी राहिलीस, आणि परत येऊन ओट्यावरचा टी-टॉवेल ताटावर घातलास. मी ते पाहिलं. फ्रेम उघडायला दहा मिनिटं लागली असती. मी गाडीची किल्ली शोधत राहिले.

वायकाटो नदीच्या काठी हिवाळ्याचं धुकं होतं. तू त्या थंडीत चपला काढून ओल्या गवतावर उभी.

"कॅन आय कीप माइन, आजी?" नात विचारत होती. गोंडा सोडायचा असतो, ठेवायचा नसतो, असं तू तिला समजावत होतीस, आणि मी मागून ओरडले, "आई, उरक ना पटकन! नदीत काहीबाही टाकायचं नसतं इथे. लोक बघतायत."

लोक म्हणजे कुत्रं फिरवणारी एक बाई. ती नमस्कार केल्यासारखं "किआ ओरा" म्हणाली आणि पुढे गेली. तू नारळ, फळं सगळं परत ताटात ठेवलंस, फक्त गोंडा पाण्यात सोडलास. नंतर कधी तू तो विषय काढला नाहीस. ऑक्टोबरमध्ये पुण्याला परतलीस, आणि मार्चमध्ये तू गेल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तुझी नात आता तेरा वर्षांची आहे. तिनेच आज विचारलं, "व्हॉट्स ऑन द बॅक, मम?" मी सुरीने फ्रेमची पाठ कापली. रुमाल पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेला होता आई, सगळाच्या सगळा. फ्रेम करायला देताना मी काही सांगितलंच नव्हतं. कोमट पाण्याचं फडकं लावून दोन तास सोडवत बसले, तरी मागचं रेशीम पुठ्ठ्यालाच राहिलं. ते तुटलं तसे पुढचेही टाके सुटले. दोन गोपींना आता चेहरे नाहीत.

"कॅन यू फिक्स इट?" पोरगी जवळजवळ रडत म्हणाली. मी हो म्हटलं. म्हटलं, आजीने मला शिकवलंय. ती लगेच लॅपटॉप घेऊन रेशीम शोधायला बसलीये, रंग जुळवून बघतेय, मला हाका मारतेय. तू किती वेळा जवळ बोलावलंस, आणि मी कधी सुईसुद्धा हातात धरली नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाहीये. तिला खरं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून आधी तुला सांगतेय.