वर्तुळ जुळत नाही

८ जानेवारी १९९६, जळगाव

आज प्लॉटरवरची चादर काढली. यांना अर्धांगाचा झटका येऊन सात आठवडे झाले, तेवढेच दिवस मशीन बंद. नकाशे काढायचं पलंगाएवढं लांब धूड, निम्मी खोली त्यानंच अडवलीय.

भुसावळहून चौधरीसाहेबांचा फोन. त्यांच्या इमारतीचे नऊ नकाशे यांनी आजारी पडायच्या आधीच कॉम्प्युटरवर पुरे केलेत, कागदावर उतरवायचे तेवढे राहिलेत. "वहिनी, घाई करत नाही. पण फेब्रुवारीअखेर नगरपालिकेत द्यायचेत. जमत नसेल तर फ्लॉपी द्या, नाशिकला काढून घेतो."

जमेल म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

९ जाने.

मशीन कसं चालवायचं ते यांनी वहीत लिहून ठेवलंय. तसं केलं. कागद, पेन, बटण. आवाज ऐकून हे भिंत धरत, उजवा पाय ओढत दारापर्यंत आले.

पेन आडवं फिरतं, कागद पुढे-मागे सरकतो, चौकोन होतो. पण शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळालीच नाही. तीन मि.मी. अलीकडे थांबली. तपासणीचं वर्तुळ काढलं. तेही उघडं.

"काय झालंय हो याला?"

"बरोबर," म्हणाले.

झटक्यानंतर हा एकच शब्द उरलाय. चहा हवा तरी बरोबर, नको तरी बरोबर. दुखलं तरी तेच. डॉक्टर म्हणतात त्यांना कळतं सगळं, शब्द सापडत नाही.

१२ जाने.

तीन दिवस हेच. पेन बदललं. कागद बदलला. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून शेजारच्यांचा स्टॅबिलायझर लावून पाहिला. फरक नाही. पेन ओढणारा पट्टा भिंगाखाली दाता-दाता करून तपासला, एकही दात झिजलेला नाही.

हे खुर्चीवर बसून बघतात. मी विचारते, ते बरोबर म्हणतात. आज लक्षात आलं, भुवया वर गेल्या की त्याचा अर्थ नाही. पट्ट्याच्या वेळी भुवया वर होत्या. मी उगाच दुपार घालवली.

१५ जाने.

धुळ्याहून अक्का आल्या, यांच्या थोरल्या बहीण. येताना तिळाचे लाडू, ज्वारीचे पापड. भावाचा हात हातात घेऊन बसल्या.

जेवताना मला म्हणाल्या, "सुमन, हाई यंत्र इकी टाक. खोली मोकळी व्हई जाई. त्याले दखीसन वसंताले तरास व्हस."

विकून टाकावं, यांच्या नजरेसमोर नको. मलाही तसंच वाटतं कधी कधी. हे ऐकत होते. घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला.

१८ जाने.

जुन्या कामाशी ताडून पाहावं म्हणून कपाटातले नकाशे काढले. सगळे नीट जुळलेले. मग खिडकीत उजेडाला धरले.

कोपऱ्या-कोपऱ्यावर रेघेचा शेवटचा तुकडा हातानं जोडलाय. शाई किंचित जाड. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. मी अकरा वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशांचं ट्रेसिंग केलंय, मला दिसतं. गणपतीच्या आसपासच्या नकाशांत चार-पाच ठिकाणी. दिवाळीनंतरच्या एका शीटवर मी मोजायचं सोडून दिलं. शेकड्यांनी असतील.

म्हणजे मशीन तेव्हापासून बिघडलेलं. हे दार लोटून तासन् तास बसायचे, चेकिंग करतोय म्हणायचे. मी चहा दाराबाहेर ठेवून जायची.

१९ जाने.

विचारलं. विचारायला नको होतं. अक्का देवळात गेल्या होत्या.

"मला का नाही सांगितलं? मी जोडून दिल्या असत्या रेघा. माझा हात तुमच्यापेक्षा चांगला आहे."

"बरोबर."

भुवया जागच्या जागी होत्या. मग तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी पाणी दिलं ते घेतलं नाही.

मशीन आणलं तेव्हा म्हणाले होते, आता हातानं नकाशे काढण्यातून तुझे डोळे सुटले. माझी पेनं, टी-पट्टी सगळं माळ्यावर टाकलं. मला वाईट वाटलं होतं, तेही मी कधी बोलले नाही.

२२ जाने.

अक्का गेल्या. आज हे आपणहून मशीनपाशी आले. मी वर्तुळ सुरू केलं तसा डावा हात पुढे करून कागदाच्या काठावरच्या छोट्या रबरी चाकावर अंगठा दाबला. दाबून धरला. वर्तुळ जवळजवळ मिळालं.

कागद घसरतोय. चाकं त्याला घट्ट धरत नाहीत. एवढंच होतं.

मी म्हटलं, "हेच ना?" हे खुर्चीवर जाऊन बसले. घाम आला होता.

२४ जाने.

रबरी चाकांखाली एक लोखंडी दांडा आहे, खरखरीत. त्यात कागदाचा भुसा गच्च बसलेला. जुन्या दातब्रशनं दीड तास घासला. तीनचं अंतर एकवर आलं. उरलेलं रबराचं आहे. डावीकडच्या चाकाचं रबर चकचकीत, नख रुतत नाही.

कंपनीला मुंबईत फोन. हे मॉडेल बंद झालंय, सुटे भाग मिळणार नाहीत म्हणाले.

अक्कांचा फोन आला तेव्हा बोलता बोलता सांगितलं. मग म्हणाल्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाइपरायटरवाला आहे, रुळाला रबर चढवतो, चाक घेऊन ये. यंत्र विकायचं पुन्हा बोलल्या नाहीत.

२९ जाने., धुळे

चाक रुमालात बांधून आणलं. शेजारच्या काकू यांच्याजवळ थांबल्यात. एरंडोलच्या पुढे एस.टी. पंक्चर, पाऊण तास रस्त्यावर.

टाइपरायटरवाले आबा म्हातारे, जाड चष्मा. चाक उजेडात फिरवलं. "कशानं शे हाई, ताई? टायपिंगनं त नही."

सांगितलं.

"बठ्ठं रबर कडक व्हई गयं. चढाडी दिसू. पन माप चुकनं त माले नाव नको ठेवजो." नवं चढवून देतील, मापाची हमी नाही. मग विचारलं, "घरमा दुरुस्त करनारं कोनी नही?"

"आहेत," म्हटलं.

६ फेब्रुवारी, जळगाव

धुळ्याहून चाक आलं. माप किंचित जास्त होतं, पॉलिश पेपरवर धरून फिरवत फिरवत उतरवलं. हे बोटानं चाचपून बघायचे, परत माझ्याकडे द्यायचे. तीनदा. चौथ्यांदा दिलं नाही, स्वतः बसवायला गेले. डाव्या हातानं जमेना. खाली पडलं. मी उचलून बसवलं.

वर्तुळ जुळलं. भिंग लावूनही सांधा सापडत नाही. मला रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

१० फेब्रु.

नऊही शीट्स निघाल्या. एकाही रेघेला हात लावावा लागला नाही.

१३ फेब्रु.

स्वतः भुसावळला नेऊन दिल्या. चौधरीसाहेबांनी पसरून पाहिल्या. "पाटील बरे झाले म्हणायचे."

"मशीन बरं झालं," म्हटलं.

ते वरमले. चहा मागवला. जाताना दुसऱ्या कामाचे कच्चे आराखडे पुढे ठेवले, पेन्सिलीचे. एका दवाखान्याची इमारत. "हे कॉम्प्युटरवर कोण चढवणार, वहिनी? की मी दुसरीकडे बघू?"

आठ दिवसांत कळवते म्हटलं. पॅसेंजरमध्ये गुंडाळी मांडीवर. यांनी जे काढून ठेवलं होतं ते संपलं. आता मशीन चांगलं आहे आणि त्याला काढायला काही नाही.

१५ फेब्रु.

मुलाचा पुण्याहून फोन. "आई, आता चालू आहे तोवर विकून टाक." चुकीचं बोलला असं नाही. बघू म्हटलं.

यांनी दोन दिवस धड खाल्लेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मनावर घेतलंय, वेळ लागेल. किती ते सांगत नाहीत.

१९ फेब्रु.

सकाळी वीज नव्हती. साडेअकराला आली. यांना धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं, दवाखान्याचा आराखडा शेजारी लावला. डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. त्यांनी काढून घेतला. परत ठेवला, परत काढून घेतला.

मग स्टूल ओढून मी बसले. यांची वही उघडली. पहिली भिंत कुठून सुरू करायची तेच कळेना. स्क्रीनवर दोन रेघा काढल्या, दोन्ही चुकल्या, पुसल्या. यांच्याकडे पाहिलं नाही. भुवया वर असतील तर मला बघायच्या नव्हत्या.

दुपार टळली. चौधरीसाहेबांना अजून काही कळवलेलं नाही. हे मात्र खुर्चीवरून उठून गेले नाहीत.