तू आग्रह केला नाहीस

आई,

काल मी पळसदरीला जाऊन आले. जी रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन आपल्या दारात यायची आणि पाटी उतरवून स्वयंपाकघरात तुझ्यासमोर चहा प्यायला बसायची, तिच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरी गेले, आणि तेही काही प्रेमाने नाही. तू तिला दिलेलं पुरणयंत्र परत मागायला गेले. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली, मी स्वतः आता रिटायर झाले, नातू शाळेत जायला लागला, तरी ते पितळी पुरणयंत्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हसू नकोस.

तू शाळेतून निवृत्त झालीस आणि पहिल्याच संक्रांतीच्या आधी जाहीर केलंस की यंदा वाणाला बाजारातून काही आणायचं नाही, घरातलंच लुटायचं. बाबांना वाटलं, गंमत करतेस. तू मात्र पौष लागल्यापासून रोज दुपारी एकेक वस्तू हातात घेऊन बसायचीस आणि ही कुणाला लागेल याचा विचार करायचीस. शेजारच्या काकूंची बोटं सांधेदुखीने वाकली होती, त्यांना सैल झाकणाचा डबा. शिंप्याच्या बायकोला तुझी बटणांची पेटी. जिचे जावई सारखे मुक्कामाला यायचे तिला मोठं पातेलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिळगूळ घेऊन वस्तू उघडायच्या आणि त्यांचे चेहरे बदलायचे. मी तुझ्या शेजारी गुलाबदाणी घेऊन उभी असायची. सगळ्या गावाची तू बाई होतीस, ते मला शाळेपासून सवयीचं होतं. पण आपल्या घरातली भांडी बाहेर जाताना बघून माझा जीव जळायचा. तीन संक्रांतींमध्ये घर रिकामं झालं. तू त्या मोकळ्या खोलीत चटईवर अशी निवांत झोपायचीस की मला तुझाही राग यायचा. आता मी स्वतः माळ्याखाली उभी राहते, वर गच्च भरलेली खोकी बघते, तेव्हा तो राग नव्हता हे कळतं. मला तुझा हेवा वाटत होता, आणि अजून वाटतो.

तू मला विचारलं नव्हतंस असं मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी, सगळ्यांच्या आधी विचारलंस. मी खालापूरच्या कचेरीतून परस्पर आले होते, एसटीने अंग आंबलं होतं. तू पिठलं टाकत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "तुला यातलं काय हवं ते आधी सांग." मी म्हटलं, "मला काही नको गं. माझ्याकडे सगळं आहे." आणि वाट बघत बसले. आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात, आई. पोळी वाढतानाही पहिलं नको खरं धरत नाहीत. पानावर हात आडवा धरला तरी वाढणारी हाताच्या बाजूने सरकवतेच. मला वाटलं, तू म्हणशील, असं कसं, पुरणयंत्र तरी ने. लहानपणी त्याचा दांडा मीच फिरवायची, तू वरून डाळ घालायचीस, आणि खालून पुरण पडायला लागलं की पहिली चिमूट मला मिळायची. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि पिठल्यावर झाकण ठेवलंस.

तिसऱ्या संक्रांतीला ते त्या भाजीवालीच्या ओटीत गेलं. तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं, पण तीन पाय बाहेर आले होते, त्यामुळे मी ओळखलं. तिला कुंकू मलाच लावायचं होतं. मी बोट जरा जोरातच टेकवलं. सगळ्या गेल्यावर मी भांडी आपटत विसळली, तेव्हा तू मला बोललीस. "हवं ते हवं म्हणावं, नको ते नको म्हणावं. तुझ्या मनातलं ओळखत बसायला मी आता रिकामी नाही." मी म्हटलं, मी कुठे काय म्हटलं? "तेच तर," तू म्हणालीस. मी रात्रीचं न जेवताच घरी गेले, आणि दोन महिने आले नाही. त्यानंतर तू दोनच वर्षं होतीस.

यंदा मी तुझी नक्कल केली. निवृत्तीच्या निरोपाला शाल, नारळ आणि मिक्सर मिळाला. घरी दोन मिक्सर आधीच होते. तिसरं खोकं माळ्यावर चढवताना हे म्हणाले, "आता तुला तरी वर जागा आहे का बघ." मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता की सगळं भंगारात दे. मी म्हटलं, थांबा, माझ्या आईने कसं केलं ते दाखवते. इथल्या, कर्जतच्या दहिवलीतल्या चाळीस बायकांची यादी केली आणि संक्रांतीला घर लुटायला काढलं. खरं सांगू? घर रिकामं व्हावं म्हणून नाही. तुझ्याकडून जाताना त्या बायकांच्या तोंडावर जे असायचं ते एकदा माझ्यासाठी दिसावं म्हणून.

फजिती झाली. एकट्या राहणाऱ्या बाईला मी सहा ग्लासांचा सरबताचा सेट दिला. जिच्याकडे पोळ्यांना बाई येते तिला लोखंडी तवा. तू वापरातलं दिलंस, मी नको असलेलं दिलं, आणि बायकांना ते हातात घेताक्षणी समजतं. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "तुझी आई द्यायची गं, तिची गोष्टच वेगळी." आणि पुढचं तर मी धरलंच नव्हतं. रथसप्तमीपर्यंत त्या चाळीसजणींनी मला उलट बोलावलं. दर संध्याकाळी मी नवं वाण घेऊन घरी. गाळण्या, चिमटे, प्लास्टिकच्या टोपल्या, एकाच आकाराचे अकरा डबे. चाळीस वस्तू गेल्या आणि चाळीस आल्या. यांना तर हसून हसून ठसका लागला. मग मला आठवलं, तू दुसऱ्यांकडे गेलीस की कुंकू लावून घ्यायचीस, तिळगूळ खायचीस आणि वाण तिथेच ठेवायचीस. "हे तुमच्या पुढच्या बाईला द्या." कुणाला वाईट वाटायचं नाही. मी एका ठिकाणी करून बघितलं, तर त्या घरची सून आतून येऊन म्हणाली, "काकू, आवडलं नाही का?" मी मुकाट्याने पिशवीत टाकलं.

त्या डब्यांच्या ढिगासमोर बसले असताना माझ्या डोक्यात ते यंत्र परत फिरायला लागलं. वाटलं, एवढी एक वस्तू मिळाली की बाकीचं सगळं मी टाकून देईन, काही वाटणार नाही. होळी आठ दिवसांवर आलेली. ऑफिसचा तो मिक्सर खोक्यासकट पिशवीत घातला, बदल्यात द्यायला, आणि रिक्षा केली.

तिने मला लगेच ओळखलं. खुर्ची पदराने पुसली. "बसा ताई. सून शेतावर गेलीय, मी च्या ठेवते." मी तिथल्या धरणावर शनिवार-रविवारी येणाऱ्या गर्दीबद्दल विचारलं, तिच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, माझे सांगितले. चहा संपला. शेवटी म्हटलं, "आईने तुला एक पुरणयंत्र दिलं होतं बघ."

ती हसायलाच लागली. "आलात म्हना एकदाच्या! लय वर्सं वाट बगितली तुमची."

मला काही कळेना. तिने कप बाजूला ठेवला. "बाई म्हनल्या व्हत्या, पोरीला हवं हाय पन तोंडानं नको म्हनती. आता मी दिलं तर तिला कवाच मागता यायचं नाय. ती येईल तुज्याकडं. आली की दिऊन टाक."

"मग कुठे आहे?"

"नाय ना आता." तिचा चेहरा उतरला. "अठरा वर्सं फडक्यात बांदून ठिवलं. वापरलं नाय ताई, दुसऱ्याची वस्तू, जाळी मोडली म्हंजी? आमी पुरन पाट्यावरच वाटायचो. दर शिमग्याला काडायची, चिंच लावून घासायची, म्हनायची यंदा तरी येतील. मग नातीचं लगीन झालं खोपोलीला. सासरी पोळ्यांच्या आर्डरी घेत्यात. म्हनलं, ताई काय आता येत नाय. दिलं तिला. चुकलं का माजं?"

नाही म्हटलं. चुकलं कुणाचं हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं होतं. अठरा होळ्या ती पाट्यावर पुरण वाटत होती आणि अठरा होळ्या मी घरी मिक्सर फिरवताना तिच्या नावाने बोटं मोडत होते. पळसदरी कर्जतहून असं किती लांब आहे?

आई, मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला तिचा पुन्हा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. वस्तूचा नाही. तू माझ्याबद्दल तिच्याशी बोललीस म्हणून. माझ्या पोटातलं तुला सगळं ठाऊक होतं, आणि ते तू तिच्यासमोर बसून, चहा पिता पिता, तिला सांगितलंस. मला "बरं" एवढंच. मला धडा द्यायचा म्हणून दिलास, ठीक आहे, तुझा धंदाच तो. पण आपल्या दोघींमधलं जपून ठेवायला तुला ती लायक वाटली, आणि ती होतीही. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच शिमग्याला त्यात डाळ घातली असती.

मिक्सर मी पुढे केला. "हाय की घरात, लेकानं घेतलाय," ती म्हणाली, आणि तो पिशवीत परत सरकवला. तिला नको होता, तिने नको म्हटलं, आणि विषय संपला. वरून सोललेले कडवे वाल घातले, दोन वेळचे होतील एवढे. मी नको म्हणाले नाही. निघताना ती अंगणापर्यंत आली. म्हणाली, "संक्रांतीला तुमच्याकडं लय बाया जमल्या म्हनं. घर वाटलंत म्हनं, बाईसारकं. बरं केलंत."

मी चप्पल घालत होते. मला का बोलावलं नाही, असं ती विचारील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. पत्ता नव्हता, फोन नव्हता, घाईत राहून गेलं. तिने विचारलंच नाही. रिक्षा वळेपर्यंत हात हलवत उभी राहिली.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून लिहिते. घाईत काही राहिलं नव्हतं. यादी करायला बसले तेव्हा सगळ्यात वर मी तिचंच नाव लिहिलं होतं. मग खोडलं.