अर्ध्यातून उठून गेलेले

शंकर नगर, रायपूर
रविवार, २ डिसेंबर २००१, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे

ती. सौ. मीराताईस भार्गवचा सा. न. वि. वि.

रजिस्टरात उद्याच्या रकान्यांच्या रेघा मारत होतो, त्या अर्ध्या ठेवून लिहायला बसलो. बारावी नापास पोट्ट्याला मानसशास्त्राच्या संशोधनात कोणी घेतलं, असं तू विचारलं होतंस. अक्षर पाहून घेतलं. सरला मॅडम सरकारी बाबूंची स्मरणशक्ती तपासतात. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून एकेकावर तिघांचं काम आहे ना. आधी शब्द पाठ करायचे. मग माणसाला चिठ्ठी मिळते की गुण फार कमी, स्मरणशक्ती क्षीण. ती चिठ्ठी खोटी असते. घाबरलेला माणूस दुसऱ्या परीक्षेत काय करतो, ते मॅडमना बघायचं असतं. शेवटी मी दाराशी खुलाशाचा कागद देतो, की गुण खोटे होते, काळजी नसावी.

मंगळवारी एक गृहस्थ चिठ्ठी वाचून उठले आणि निघाले. मध्येच जायची मुभा आहे, अडवायचं नाही, कारण विचारायचं नाही, असा नियम. मी फाटकापर्यंत मागे गेलो, पण अडवलं नाही. खुलासा दुसऱ्या परीक्षेनंतरच द्यायचा, हाही नियम. म्हणून तो दिला नाही. मॅडम म्हणाल्या, तेवीस नंबर काटून टाक. खोडला. नावं घरच्यांनाही सांगणार नाही अशी सही दिली आहे, तेव्हा ते कोण हे विचारू नकोस. पण रजिस्टर उघडलं की आधी तो खोडलेला नंबरच दिसतो.

माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.
तुझा भार्गव

अभनपूर, गुरुवार, ६ डिसेंबर

चि. भार्गवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या रेघा मारून झाल्या असतील तर जरा माझ्या घराकडे बघ. मामंजींचं काहीतरी बिघडलं आहे. रोज बसने रायपूरच्या कचेरीत जाणारा, शंभर फायलींचे नंबर तोंडपाठ असणारा माणूस आता खिशात चिठ्ठ्या ठेवून राहिला आहे. चपला कुठे काढल्या, गोळी घेतली की नाही, सगळं लिहून. काल हाक मारताना क्षणभर थांबले, तर माझ्या नणंदेने, ऋताने, गमतीत विचारलं की बाबा, मले विसरले काय. ते उठून आत जाऊन बसले. पोट्टी रडून रडून थकली.

सोमवारी नोकरी सोडायचा अर्ज देणार आहेत. अजून सहा वर्षं बाकी आहेत, ऋताचं लग्न व्हायचं आहे. आपल्या हातून कोणाच्या फायलीचं नुकसान होण्याआधी निघालेलं बरं, एवढंच म्हणतात. यांनी डॉक्टरकडे चला म्हटलं तर भडकले. तुझ्या मॅडमना विचारशील का?

लोभ आहेच, तो लवकर आलेल्या उत्तरात दिसू दे.
ताई

रायपूर, शनिवार, ८ डिसेंबर, सकाळचे नऊ
(बसचे कंडक्टर भैय्यालाल यांच्या हाती, फक्त काकांसाठी)

ती. नीलकंठकाकांस भार्गवचा शि. सा. न.

काका, तुमच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. चाळीस माणसं भरत नव्हती म्हणून मीच तुम्हाला गळ घातली, आणि मीच तुम्हाला काही न सांगता जाऊ दिलं. ती चिठ्ठी खोटी होती. सोबत मॅडमच्या सहीशिक्क्याचा खुलासा आहे. ताईला मी तुमचं नाव कळवलेलं नाही. हात जोडतो, सोमवारचा अर्ज देऊ नका.

हा कागदही तुम्हाला खोटा वाटेल, अशी भीती वाटते. म्हणून उरलेल्या चिठ्ठ्या मॅडमना न विचारता कपाटातून काढून पाठवत आहे. अकरा आहेत. प्रत्येकीवर वीसपैकी सहा. परीक्षा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मी त्या एका बैठकीत लिहिल्या. तुमचा पेपर कोणी तपासलेलाच नाही. मॅडमना कळलं तर मला ठेवणार नाहीत.

रागवा, पण परकं करू नका.
भार्गव

अभनपूर, रविवार, ९ डिसेंबर

चि. भार्गव यास आशीर्वाद.

भैय्यालालने तुझा गुप्त लिफाफा सगळ्या बससमोर माझं नाव ओरडून दिला. तुले घरी यायला पाय नव्हते काय?

शिक्क्याचा कागद मी बाजूला ठेवला. पहिल्या चिठ्ठीवरही शिक्का होता. तीस वर्षं शिक्के मारून राहिलो, मले शिक्क्याचं काय सांगतोस? पण त्या अकरा चिठ्ठ्या ओसरीवर ओळीने मांडल्या आणि बारावी माझी ठेवली. तेच अक्षर, तेच सहा. मग खिशातल्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. सूनबाईला मी स्वतःच सगळं सांगितलं. तिने मला चहा दिला आणि तुला शिव्या.

अर्ज मात्र फाडलेला नाही, ट्रंकेत आहे. चार दिवस रजा टाकली. सकाळी फायलींचे नंबर म्हणून पाहतो. एखादा अडला की अजूनही हात चिठ्ठीसाठी खिशात जातो.

एक विचारतो. मी उठलो तेव्हा शेजारच्या खोलीतून एक बाईही चिठ्ठी घेऊन बाहेर आली. रडत होती. मागच्या दाराने गेली. तिला कागद दिला काय?

आमच्या घराचं दार तुला बंद नाही.
नीलकंठ

रायपूर, सोमवार, १० डिसेंबर, सकाळचे सव्वाअकरा

ती. काकांस शि. सा. न.

तुमचं पत्र पहिल्या बसने मिळालं. रजिस्टर पाहिलं. चोवीस नंबरपुढे यायची वेळ आहे, जायची नाही. मी तुमच्यामागे फाटकाशी होतो. मॅडमनी त्यांना सोडलं असेल असं समजून रकाना मोकळा ठेवला होता. कागद दिलेला नाही. आज चौदावा दिवस आहे.

माझ्याकडे फक्त नंबर असतात. नावांची यादी मॅडमच्या कुलुपात, आणि मॅडम गुरुवारपर्यंत बिलासपूरला. त्यांचा फोन लागत नाही. मी त्या बाईंचा चेहराही पाहिलेला नाही. त्या परत आल्या तर दाराशी कोणीतरी हवं, म्हणून जागा सोडून अभनपूरला येता येत नाही.

काका, त्यांना पाहणारे तुम्ही एकटे आहात. वय काय होतं, कोणत्या कचेरीच्या वाटल्या, हातात काय होतं, मागच्या गल्लीत कोणीकडे वळल्या. जेवढं आठवेल तेवढं लिहून भैय्यालालच्या हाती द्या. तुम्हाला नीट आठवेल. मी दुपारच्या बसची वाट पाहतो.

तुमचा,
भार्गव