गाडी उभ्याउभ्या बंद पडते

४ नोव्हेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा खुबा कसा आहे? गॅरेजला कुलूप लावून वर्ष झालं, तरी शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरायची हौस काही फिटली नाही तुझी. आता पडून राहा. आई तुला रोज शिव्या घालते, त्यावरून तिची तब्येत बरी आहे असं समज.

खरं म्हणजे बरी नाही, पण डॉक्टर आशा ठेवा म्हणतात. इस्पितळात गाठीवर किरणांचा शेक सुरू झालाय, शनिवार-रविवार सोडून रोज. एकही चुकवायचा नाही, मध्ये खंड पडला तर सगळं पाण्यात जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं. बसमध्ये तिला उलट्या होतात. म्हणून तू दिलेली गाडी हाच आमचा आधार, आणि तीच आता नखरे करायला लागली आहे. रस्त्यावर झकास पळते. पण सिग्नलला किंवा फाटकाला थांबलो की म्हातारीसारखी थरथरते, गचके खाते आणि बंद पडते. काल मागचा ट्रकवाला एवढा भोंगा वाजवत होता की आईने खिडकीतून त्याला हात जोडले.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून हे लिहून विचारते. कोपऱ्यावर एक मिस्त्री आहे, त्याला दाखवू का?

आईने एक नवी पद्धत काढली आहे. शेकानंतर तिचा हात कापतो, म्हणून सकाळी निघायच्या आधीच कोऱ्या कागदाच्या तळाशी ती आपली ओळ लिहून ठेवते. वरचा कागद मी संध्याकाळी भरायचा.

कळावे. लोभ आहेच, त्यातला थोडा गाडीला सांगून बघ.
तुझी ठकू

भोंग्या, तुझी गाडी तुझ्यासारखीच आहे. पळते छान, एका जागी उभी राहायची म्हटलं की जिवावर येतं. — ताई


९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. त्या गाडीचं बोनेट चाळीस वर्षांत माझ्याशिवाय कोणी उघडलेलं नाही. तो काहीतरी भलतं खोलेल आणि ताईचा शेक बुडेल. तू छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधतेस ना? तीच नजर जरा इंजिनला लाव.

माझे कान गेले नसते तर गाडी गल्लीत शिरतानाच सांगितलं असतं. आता तुझ्या डोळ्यांनी ऐकायचं. आधी माझा नियम. गाडी अंगणात सपाट जागी घे, न्यूट्रल कर, आणि डिकीतला लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली सरकव. मग खाली उतर. गाडी तपासताना आत माणूस नको आणि पॅडलवर पाय नको. एका पोराने पाय ठेवला होता आणि माझं बोट गेलं होतं, ते तुला ठाऊक आहेच.

इंजिन चालू ठेवून बोनेटवर पाण्याचा पेला ठेव. पाणी सारखं थरथरत असेल तर प्लग काढून पूस. मध्येच उसळत असेल तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. मग साबणाचं पाणी घे आणि रबरी नळ्यांच्या सांध्यांवर थोडं थोडं सोड. जिथे पाणी आत खेचलं जाईल आणि इंजिनचा सूर बदलेल, तिथे भेग. बाही वर कर, पदर खोच आणि पंख्यापासून लांब राहा.

ताईला सांग, मला शिव्या देताना दम लागू देऊ नकोस. तू रोज गाडी चालवतेस याचा मला इकडे पडल्यापडल्या अभिमान वाटतो.

तुझ्यावर लोभ असलेला आणि पलंगावर वैतागलेला,
मामा


१५ नोव्हेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीचे हात काळे झाले आहेत आणि छापखान्यातले लोक ती शाई समजतात. सापडली! कार्बोरेटरच्या मागे एक बारकी नळी चिरली होती. साबणाचं पाणी तिने असं गटकन ओढलं की मी ओरडलेच. नवी नळी बसवली, प्लग पुसले. आता अंगणात ठोकळा लावून उभी केली की पेल्यातलं पाणी हलत नाही. आई पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती. ठोकळा लावणं आणि काढणं हे काम तिने स्वतःकडे घेतलंय. मी वाकू नकोस म्हटलं तर म्हणाली, घरात मला दुसरं काही करू देत नाहीस, एवढं तरी राहू दे.

पण मामा, रस्त्यावर पहिले पाढे पंचावन्न. अंगणात शहाणी, फाटकाला थांबताना पुन्हा बंद. आज दोनदा. मला रडू यायचं बाकी होतं. शेकाला उशिरा पोचलो, पण त्यांनी घेतलं.

तुझा शब्द लवकर येऊ दे, आम्ही वाट बघतोय.
तुझी ठकू

भोंग्या, गाडीत एक पाहुणा बसलाय. थांबायच्या वेळी हिच्या पायाशी सुस्स करतो, सापासारखा. ही म्हणते मला भास होतात. साप असेल तर दूध कोण पाजणार? — ताई


२० नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

नळी शोधलीस, शाबास! माझ्या हाताखाली दहा-दहा वर्षं राहून लोकांना जे जमलं नाही ते तू एका संध्याकाळी केलंस.

आता उरलं ते किरकोळ. अंगणात चालते म्हणजे दुखणं मोठं नाही. इंजिन जुनं झालं, दम कमी पडतो. कार्बोरेटरच्या बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू आहे, तो अर्धा फेरा आत घे. इंजिन उभ्या जागी जरा जोरात फिरेल आणि बंद पडणार नाही. मिस्त्रीचं नाव पुन्हा काढू नकोस. तो रस्त्यावर एक चक्कर मारू द्या म्हणेल आणि गाडी पार भंगारात विकून येईल.

ताईच्या सापाचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी तिला माळ्यावर वाघ ऐकू यायचा आणि मी काठी घेऊन वर चढायचो. वर काय असायचं, तर मांजर. ताई, तुझ्या सापाला माझा नमस्कार सांग. मला वाघ ऐकू येत नाही आणि साप तर नाहीच.

खुबा दुखतो, बाकी ठीक. पत्र आलं की दिवस बरा जातो.

माया आहे ती आहेच, वेगळी काय लिहायची.
मामा


२५ नोव्हेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. डॉक्टरांनी नवीन फोटो काढला. गाठ अर्ध्याहून लहान झाली आहे. पुढचा आठवडा झाला की शेक संपले. आई डॉक्टरांना म्हणाली, मग माझ्या भावाला बघायला जाते, त्याची हाडं मोडली आहेत आणि जीभ तेवढी शाबूत आहे.

स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. बरंच बरं आहे. अजून गचका देते, पण बहुतेक वेळा सावरते. फक्त पायाची पोटरी दुखते. ब्रेकचं पॅडल हल्ली दगडासारखं लागतं, सगळा भार टाकावा लागतो. मी वजन वाढवावं असं आईचं मत आहे. जुन्या गाडीचं असंच असतं का? घाई नाही, सवडीने लिही.

इस्पितळाच्या उतारावर मात्र मला अजून भीती वाटते.

तब्येतीला जप, आमच्यासाठी तरी.
तुझी ठकू

भोंग्या, साप मोठा झालाय. मी त्याला तुझंच नाव ठेवलंय. — ताई


२९ नोव्हेंबर

ठकू,

गाडी हलवू नकोस. तार केली आहे, पण तारेत एवढं मावत नाही.

पत्र आत्ता आलं. पॅडल दगडासारखं झालं हे वाचलं आणि ताईच्या ओळी पुन्हा काढून वाचल्या. थांबायच्या वेळी, पायाशी, सुस्स. बाईने सगळं सांगितलं होतं गं! आणि मी मूर्ख वाघाच्या गोष्टी सांगत बसलो.

ब्रेकच्या पॅडलपुढे, बोनेटखाली, एक गोल डबा आहे. त्यात रबरी पडदा असतो. इंजिनकडून एक नळी त्याला जाते आणि इंजिनच्या ओढीमुळे तुझ्या पायाला ब्रेक हलका लागतो. तो पडदा फाटलाय. तू ब्रेक दाबतेस तेव्हा त्या फटीतून हवा शिरते. तोच सुस्स. इंजिन गुदमरून बंद पडतं, आणि इंजिन बंद पडलं की ब्रेक लोखंडासारखा होतो. गाडी थांबते म्हणून बंद पडत नव्हती, तू ब्रेक दाबत होतीस म्हणून पडत होती. अंगणात ठोकळ्यावर, पॅडलवर पाय नाही, मग ती कशाला बंद पडेल? माझ्या नियमानेच मला आंधळा केला.

शेकाला टॅक्सीने जा, कोणाच्या पाया पडून गाडी माग, पण या गाडीत बसू नका. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलाव. मीच सांगितलं म्हणून सांग. त्याला म्हण, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाब, तुला दिसेलच.

ताई, ऐकलंस का? या वेळी माझं ऐक.

पोचल्याची तार कर. जीव टांगणीला लागलाय.
मामा


१८ डिसेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्या हाताने लिहिते. अक्षर लागलं नाही तर डोळ्यांना ताण देऊ नकोस, आईचं तुला तारेने कळलंच आहे.

तुझी तार दुपारी आली. आम्ही सकाळीच निघालो होतो. शेजारणीने ती घेतली आणि आम्ही परतायची वाट बघत दारात बसून राहिली.

इस्पितळाच्या उतारावर खाली विटांचा ट्रक आडवा उभा होता. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं आणि पॅडल खाली जाईना. दोन्ही पाय रोवून उभी राहिले मी त्याच्यावर, मामा. हँडब्रेक ओढला, पण तोवर फार झालं होतं. आई ओरडली नाही. तिने फक्त माझ्यापुढे हात आडवा धरला, लहानपणी बसमध्ये धरायची तसा. स्वतःला सावरायला तिच्याकडे एकच हात उरला.

मिस्त्रीने डबा उघडला. पडदा तळहाताएवढा फाटलेला होता. तुझं निदान बरोबर निघालं. तो म्हणाला, एकदा रस्त्यावर चक्कर मारू दिली असती तर पहिल्याच वळणावर कळलं असतं. तुला हे सांगायचं नव्हतं, पण मग एकटीनेच ते किती दिवस उरावर घेऊन फिरू?

मला तुझा राग येतो. सकाळी तुझा येतो, रात्री माझा येतो. ती माझ्या शेजारी बसून रोज सांगत होती आणि मी हसत होते. गाठ अर्धी झाली होती मामा, अर्ध्याहून लहान. ठोकळा अजून अंगणात आहे, तिने काढून भिंतीला लावून ठेवला होता तिथेच. मला त्याला हात लावता येत नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची पद्धत आहे. आज माझ्याने तो मागवत नाही. पण तू लिहायचं थांबवू नकोस. या घरात आता दुसऱ्या कोणाचं पत्र येत नाही.

हा कागद त्या दिवशीचाच आहे. निघायच्या आधी तिने तळाशी लिहून ठेवला होता, वरचा मी आज भरला. तुझी ओळ आहे, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही.
ठकू

भोंग्या, चारच शेक राहिले, मग मी तुझ्याकडे येते. ते सुस्स काल फारच जोरात होतं. पण सांगू कोणाला? तू बहिरा आणि ही शहाणी. आल्यावर तूच गाडीत बस माझ्या शेजारी, मी तुझा हात तिथे ठेवीन, म्हणजे तुला कळेल. — ताई